प्रश्नचिन्ह खोडलेला कुरव

अन्याय झाला तो आमच्या मॅडमवर. लातूरच्या एका कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायच्या, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढ्यापुरत्याच प्राध्यापक. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू असताना, शिपायानं त्यांना दारातून हाक मारली आणि ऑफिसात नेलं. तिथं त्यांना सांगितलं की उद्यापासून येऊ नका. वर्गात परत जाऊन पर्स आणायची तेवढी मुभा मिळाली. कागद काही दिला नाही. तासिकावाल्यांना ठेवायला कागद लागतो, काढायला लागत नाही.

आरोप असा, की त्यांनी महादेवाच्या पक्ष्याला संकर म्हटलं.

त्या असं म्हणाल्या नव्हत्या. काय म्हणाल्या ते मी हाताच्या अंतरावर उभं राहून ऐकलंय. त्या तासिका त्यांना परत मिळाव्यात म्हणून हे लिहून राहिलो. पुस्तकात शोभेल असं लिहिण्याची मला सवय नाही. माझं सगळं लिहिणं पत्रकांचं. नायगावच्या बाजारात, नांदेडच्या बसस्टँडवर, मोर्च्यात माणसाच्या हातात कोंबायचं आणि पुढं व्हायचं. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती: पत्रकात 'कदाचित' लिहायचं नाही. कदाचित दिसलं की माणूस कागद चुरगाळतो.

आणि मॅडमचं सगळं बोलणं 'कदाचित'नं सुरू व्हायचं. आमचं पहिलं भांडण त्याच्यावरूनच झालं.

तळ्याचं नाव देत नाही, दिलं की पुन्हा तीच माणसं गोळा होतील. नांदेडहून लातूरला जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की लागतं. हिवाळ्यात पाणी मागं सरतं आणि एका अंगाला गाळाची लांबच लांब उथळ कड उघडी पडते. त्या कडेवर पाखरं उतरतात. त्याच कडेवर मुरूम टाकून चौपाटी करायची, बाकडी बसवायची, बोटी सोडायच्या, असं ठरलं. ठरवलं कोणी ते माहीत नाही, गावात कोणालाच विचारलं नव्हतं. टिपर यायला लागले तेव्हा कळलं. आमच्या संघटनेनं अर्ज केला, त्यात मी लिहिलं की या तळ्यावर हजारो बगळे येतात.

अर्जाची प्रत कोणीतरी मोबाइलवर फिरवली आणि आठ-दहा दिवसांत मला एका बाईंचा फोन आला. ओळख नाही, पाळख नाही, थेट म्हणाल्या, तुमच्या अर्जातले बगळे बगळे नाहीत. मी म्हटलं, पांढरे आहेत, पाण्यावर आहेत, मग काय आहेत? म्हणाल्या, कुरव. मला ते कुरवंडीसारखं काही ऐकू आलं. ओवाळायचं का काय, असं मी विचारलं. त्या फोनवर इतक्या हसल्या की मला राग आला, आणि येत्या रविवारी तळ्यावर या, असं मीच त्यांना म्हणून बसलो.

मॅडम मूळच्या किनवटकडच्या. शाळा सगळी आश्रमशाळेच्या वसतिगृहात झालेली. जंगलातली पाखरं त्यांना आवाजावरून कळायची. पण कुरव हे समुद्राकडचं पाखरू, आणि समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच बघितला होता, कॉलेजच्या सहलीत, तोही भर पावसाळ्यात, जेव्हा तिथं एकही कुरव नसतो. मी तर तेवढाही बघितला नव्हता. अशी आम्ही दोघं, समुद्राची पाखरं ओळखायला गाळात बसलेली. त्यांच्याकडं एक जुनी दुर्बीण होती, डाव्या भिंगात आतून बुरशी आलेली. मी उजव्या डोळ्यानं बघायचो.

मला वाटलं होतं, एक दिवस लागेल. पुस्तकात चित्र असतं, पाण्यावर पाखरू असतं, जुळवलं की झालं. पहिल्याच दिवशी माझी जिरली. थव्यातले बहुतेक होते ते तपकिरी डोक्याचे कुरव. आता नाव तपकिरी डोक्याचा, आणि डोकं पांढरंफेक. मी म्हटलं, मॅडम, ही तर उघड फसवणूक आहे. त्या म्हणाल्या, हिवाळ्यात डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागं काजळाचं बोट पुसावं तेवढा डाग राहतो, तपकिरी रंग चढायला लागतो तो जायच्या बेताला. म्हणजे नावाप्रमाणं दिसायला लागला की निघून जातो. वर त्यांच्यातच यंदाची पिल्लं. त्यांची चोच लाल नाही, पिवळट आणि टोकाला काळी. पंखावर तपकिरी ठिगळं, शेपटीला काळी पट्टी. मोठ्यांच्या पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका असतो, आरशाचा तुकडा लावल्यासारखा. पिल्लांना तो नसतो. हा ठिपका बघायचा तर पाखरानं पंख ताणायला पाहिजे. ते आपल्यासाठी कशाला ताणेल? ते त्याला वाटेल तेव्हा ताणतं, आणि नेमकं तेव्हा मी कोणाकडं तरी विडी मागत असायचो.

तरी हे सोपं होतं. अवघड होता तो एकटा.

थव्यापासून बाजूला, गाळाच्या अगदी टोकाला, एक मोठा कुरव बसायचा. बाकीच्यांच्या दीडपट. मळकट, अंगभर तपकिरी रेघा, चोच बुडाला गुलाबी आणि टोकाला काळी. कोणाच्या भांडणात नाही, कोणाचा मासा हिसकत नाही. पाठीवर मधूनमधून राखाडी पिसं फुटायला लागली होती. मॅडमनी त्याला बघितलं आणि बराच वेळ दुर्बीण माझ्याकडं दिलीच नाही. मी विचारलं, हा कोण? म्हणाल्या, लहान आहे. मी म्हटलं, एवढा मोठा लहान कसा? तेव्हा त्यांनी समजावलं, की मोठ्या जातीच्या कुरवाला मोठं व्हायला चार वर्षं लागतात, आणि दर वर्षी तो वेगळा दिसतो. पिसं टाकतो, नवी घेतो, जुनी उन्हानं विटतात. आपल्याकडच्या उन्हात तर अशी विटतात की पुस्तकातला तपकिरी इथं चहाच्या डागासारखा दिसतो. दोन जातींची पिल्लं एकमेकांसारखी दिसतात, आणि एकाच जातीची दोन पिल्लं एकमेकांसारखी दिसत नाहीत.

पुढचे किती रविवार आम्ही त्या एका पाखरासाठी घालवले. दुपारचं ऊन वरून पडलं की सगळी पिसं पांढरी दिसतात, म्हणून सकाळी लवकर जायचं. शेजारी ओळखीचा कुरव येऊन बसला की आकार ताडायचा. उडाला की शेपटीची पट्टी बघायची, ती रुंद आहे का बारीक, कड धारदार आहे का फाटलेली. डोळ्याभोवतीचा मळकट डाग बघून मॅडम एक जात म्हणायच्या, मग चोचीची जाडी बघून दुसरी म्हणायच्या, मग काहीच म्हणायच्या नाहीत. त्यांनी फोटो जाणकारांना पाठवले. किनाऱ्यावरच्या एकानं एक नाव सांगितलं, दुसऱ्यानं ते खोडून दुसरं सांगितलं. तिसरा, जो सगळ्यांत जुना, त्यानं लिहिलं की यात दोन्हींचं लक्षण दिसतं, दोन जातींचा संकरही असू शकेल, मोठ्या कुरवांत तसं होतं, पण या वयात छातीठोक कोणी सांगू नये.

मला ती 'कोणी सांगू नये'ची भाषा सहन होईना. कारण इकडं टिपर थांबत नव्हते. आमच्या अर्जातल्या एकाच गोष्टीवर बोट ठेवलं होतं: पक्ष्याचं नाव. साधे कुरव सगळीकडं असतात म्हणे, त्यांच्यासाठी काम कशाला थांबवायचं. वेगळा काही असेल तर नाव द्या, विचार करू. अर्ज दिला होता त्या सरकारी ऑफिसातल्या साहेबांना मी सांगितलं की आहे वेगळा, पण लहान आहे. साहेब म्हणाले, मग मोठा झाल्यावर या. बाजूचे दोन क्लार्क हसले. मीही हसलो, आणि जिना उतरताना मला स्वतःला थोबाडावंसं वाटलं.

मॅडमना मी म्हटलं, कुठलंही एक नाव द्या, कोण तपासायला येतंय? त्या म्हणाल्या, मी तपासीन की. एवढंच. रागावल्या नाहीत. शेवटी पत्रक काढायचं ठरलं आणि मथळ्यावर आमची तडजोड झाली. त्यांच्या हट्टानं मी आयुष्यात पहिल्यांदा मथळ्यात प्रश्नचिन्ह घातलं: 'आपल्या तळ्यावर संकर कुरव?' खाली फोटो. त्याखाली मॅडमचं वाक्य, की हा पक्षी अजून लहान आहे, नक्की कोण ते सांगता येत नाही, पण या कडेवरचा गाळ बुजला तर ते कधीच सांगता येणार नाही. प्रूफ मी वाचलं, मॅडमनी वाचलं. बरोबर होतं.

छापून आलं तेव्हा मथळा होता: 'आपल्या तळ्यावर शंकर कुरव'. प्रश्नचिन्ह नाही. आणि आमचा उत्साही पोरगेला कार्यकर्ता गठ्ठा उचलून सकाळीच बाजारात वाटून मोकळा झाला होता.

प्रेस लातूरला, गंजगोलाईच्या मागल्या गल्लीत. चालवणारे अण्णा मूळचे देवणीकडचे. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात लिंग, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. माझी सगळी पत्रकं तिथंच झालेली, माझ्या शिव्याही त्यांनी कधी सौम्य केल्या नव्हत्या. मी पत्रक टेबलावर आपटलं.

"अण्णा, हे काय केलं?"

"शुद्ध केलं की."

"मी संकर लिहिलं होतं."

"तेच म्हणून राहिलो. खेड्यातली माणसं लग्नपत्रिकेत बी 'संकरराव' लिहून आणतेत. मी बोलत न्हाई, मुकाट दुरुस्त करतो. पण तू तर शिकलेला. बघून मलाच लाज वाटली."

"आणि पुढचं प्रश्नचिन्ह?"

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "देवाच्या नावापुढं प्रश्नचिन्ह? मर्दा, तुझ्या घरी कोणी मोठं माणूस हाय का न्हाई?"

मी त्यांना संकर म्हणजे काय ते सांगितलं. दोन जातींचं मिळून झालेलं. ते ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. म्हणजे जर्सीवाणी, असं म्हणाले. मग खाली बघून म्हणाले की आमच्या देवणीत वळूच्या बापाचा बाप विचारल्याशिवाय कोणी गाय दाखवत न्हाई, तिथं हा शब्द शिवीसारखा लागतो, बरं झालं मी बदलला. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मला वाचवलं. भांडायला गेलेला मी त्यांच्याकडचा चहा पिऊन परत आलो.

आणि मग तळ्यावर जे झालं त्याला माझ्याकडं शब्द नाहीत, म्हणून साधं सांगतो. माणसं आली. पहिल्या दिवशी पाच-सहा, मग रोज. बेलाची पानं घेऊन, तांब्यात दूध घेऊन. एक म्हातारी त्या मोठ्या कुरवाकडं बघून म्हणाली, पाठीवर भस्म फासलंय बघा. ती राखाडी पिसं. मॅडमना ज्यात त्याचं वय दिसत होतं, त्यात तिला भस्म दिसलं. ती खोटं बोलत नव्हती, तिला दिसत होतं. टिपरवाल्यानं पाया पडून गाडी माघारी वळवली. दुसऱ्यानंही. आमच्या अर्जांनी, उपोषणांनी, घोषणांनी जे झालं नव्हतं ते अण्णांच्या शुद्धलेखनानं दोन दिवसांत झालं. मुरूम पडायचा बंद.

मला आनंद झाला का? झाला. लपवत नाही. आणि मॅडमच्या तोंडाकडं बघितलं की तो जायचा. माणसं कुरवांना शेव टाकून राहिली होती, मुरमुरे टाकून राहिली होती. तपकिरी डोक्याचे ते वरच्या वर झेलायचे, लोक टाळ्या वाजवायचे. मोठा मात्र गर्दीपासून लांब, पाण्यात अजून आत सरकलेला. मॅडम म्हणाल्या, हे चुकीचं आहे, सांगायला पाहिजे. मी म्हटलं, शिवरात्र होऊ द्या, मग सांगू. त्या म्हणाल्या, मी आपण होऊन काही बोलणार नाही, पण मला कोणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. एवढ्यावर आमचं मिटलं.

शिवरात्रीला तळ्यावर मांडव पडला, माइक आला. बोटींचं काम ज्यानं घेतलं होतं तो माणूसही आला, कपाळाला भस्म लावून. गावात सगळे त्याला भाऊ म्हणतात. काम थांबल्यानं सगळ्यांत जास्त तळमळ त्याचीच होती, हे मला कळायला पाहिजे होतं, पण भजन चालू होतं, बायका-पोरं खिचडी वाटत होती, तिथं कोण सावध राहील? भाऊनं माइक घेतला आणि गोड आवाजात म्हणाला, आपल्यात प्राध्यापक मॅडम आहेत, त्यांनाच विचारू. आणि माइक त्यांच्यापुढं धरला.

"मॅडम, तुम्हीच सांगा. पत्रकात आधी दुसराच शब्द होता म्हणतेत. हा शंकराचा पक्षी का संकर?"

मॅडमनी पदर खांद्यावरून घेतला. घाबरल्या होत्या, पण आवाज स्थिर होता. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला ऐकू जावं तसं, सावकाश बोलल्या.

"हा संकर आहे, असं मी म्हणत नाही. हा कोण आहे ते मला माहीत नाही. हा लहान आहे. अजून दोन हिवाळे इथं येऊ द्या, मग त्याचा तोच सांगेल."

म्हातारीनं मान डोलावली. मागून कोणीतरी म्हणालं, बरोबर हाय, लेकराला जात इचारू नये. दोन-चार जण हसले. भजन पुन्हा चालू झालं. मला वाटलं, निभावलं.

मराठीत नकार शेवटी येतो. हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही, त्या संध्याकाळी मोबाइलनं शिकवलं. दिवेलागणीला जो व्हिडिओ फिरायला लागला त्यात मॅडम माइकपुढं उभ्या होत्या आणि एवढंच म्हणत होत्या: "हा संकर आहे." तिथं कापलेला. पुढं नुसतं मागून घातलेलं धडधडतं संगीत आणि लाल अक्षरं. जी माणसं दुपारी तिथं मान डोलावत होती त्यांनीच तो पुढं पाठवला. माझ्या सख्ख्या मावसभावानं मला पाठवला, खाली लिहून, की ह्याच का तुझ्या मॅडम?

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते वर सांगितलंय.

मी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांना भेटलो. भांडायच्या तयारीनं गेलो होतो, कारण समोरचा उद्धट असला की माझं काम सोपं होतं. ते उद्धट नव्हते. बसा म्हणाले, चहा सांगितला, मी दाखवलेला सगळा, न कापलेला व्हिडिओ पूर्ण बघितला. तो आमच्या एका कार्यकर्त्यानं लांबून काढलेला, त्यात मॅडम बोटाएवढ्या दिसतात आणि आवाज भजनाच्या टाळांत बुडालेला. कान देऊन ऐकलं तर 'म्हणत नाही' ऐकू येतं. ज्याला ऐकायचं त्याला.

ते म्हणाले, तुमचं बरोबर असेल. पण मला रोज पन्नास फोन येतात, त्यांना मी हे कानाला लावून ऐकवू का? मग म्हणाले, मॅडमनी एक लिहून द्यावं, म्हणजे मी पुढच्या वर्षी बघतो. एक तर तो शंकराचाच पक्षी आहे असं द्यावं, नाहीतर मी काही बोललेच नाही असं द्यावं.

मी ते मॅडमना येऊन सांगितलं. त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं: सदर पक्षी अपूर्ण वाढीचा आहे, त्याची जात मला माहीत नाही, आणि मी तेवढंच बोलले. खाली सही. तो कागद घेऊन मी परत गेलो. सचिवांनी वाचला, त्याची घडी घातली आणि तो माझ्याकडं सरकवला.

"प्राध्यापकानंच माहीत नाही म्हणून लिहून द्यायचं? मग पोरांनी कोणाकडं बघायचं?"

चौकात उभं केलं तर मला अर्धा तास बोलता येतं. आता रोज अंघोळ करताना मला त्याची उत्तरं सुचतात. की साहेब, पोरांनी नेमकं अशाच माणसाकडं बघायला पाहिजे. पण त्या खोलीत मी कागद खिशात घातला आणि उठलो.

अण्णांकडं गेलो. दुरुस्तीचं पत्रक काढू म्हटलं, मॅडमचं पूर्ण वाक्य छापू. अण्णांचे डोळे भरले होते, व्हिडिओ त्यांच्याकडंही आला होता. म्हणाले, माझ्यामुळं झालं, दुसरं काहीही सांग, फुकट छापतो. पण तो शब्द आता त्या फोटोसोबत मी छापू शकत न्हाई. मला याच गल्लीत राहायचंय. मी जोर केला नाही. नांदेडला दुसऱ्या प्रेसवाल्यानं मथळा वाचूनच हात जोडले.

तळ्याचं म्हणाल तर माणसं यायची बंद झाली. देवाच्या पाखराबद्दल वाद झाला की माणूस देवाकडंच जातो, पाखराकडं नाही. टिपर परत आले. पाया पडून गेलेलाच ड्रायव्हर होता. त्यानं माझ्याकडं बघून हात वर केला, ओळखीचा म्हणून. कडेवर मुरूम पडला, रोलर फिरला, आता तिथं बाकडी आहेत. मार्च संपायच्या आत कुरव तसेही जातात, ते गेले. जायच्या आधी तपकिरी डोक्याच्यांची डोकी खरंच तपकिरी झाली होती, नावाप्रमाणं. मोठा शेवटचा कधी दिसला ते आम्हाला सांगता येत नाही, कारण शेवटी शेवटी मॅडम यायच्या बंद झाल्या होत्या आणि मी एकटा बसलो की मला फक्त पांढरं आणि मळकं दिसायचं. तो कोण होता ते आता कळणार नाही. पुढच्या हिवाळ्यात आला तरी उतरेल कुठं?

मॅडम आता लातूरला एका क्लासमध्ये शिकवतात. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं, एका खोलीत दीडशे. प्रश्न असतो, खाली चार पर्याय असतात, एकावर खूण करायची. मी एकदा त्यांना घ्यायला गेलो तेव्हा बाहेर उभा राहून ऐकलं. एक मुलगी विचारत होती, मॅडम, यातलं नक्की सांगता येत नसेल तर? त्यांनी सांगितलं, तरी एक निवड, वेळ घालवू नको. बसस्टॉपकडं चालताना दुर्बिणीचं विचारलं तर म्हणाल्या, कपाटात आहे, बुरशी दुसऱ्या भिंगातही आलीय.

पावसाळ्याच्या तोंडाला कॉलेजच्या तासिकांसाठी पुन्हा मुलाखती होतात. मॅडम अर्ज करणार आहेत. मी नको म्हटलं होतं, अपमान करून घ्यायला कशाला जायचं. त्या म्हणाल्या, मला शिकवायला येतं म्हणून जाणार. पण त्या टेबलावर तो कापलेला व्हिडिओ त्यांच्या आधी पोचलेला असणार आणि त्यांच्या बाजूनं माझा एकट्याचा शब्द आहे. मी चळवळीतला. माझा शब्द धरत नाहीत.

म्हणून आता तुम्हाला विचारतो, कारण तुम्ही तिथं होता. अहमदपूरहून, उदगीरहून, नांदेडहून आलेली माणसं त्या मांडवात होती, हातात खिचडीचे द्रोण होते, मान डोलावणारे होते, लेकराला जात विचारू नये म्हणणारा होता. तुम्ही नसाल तर तुमच्या घरातलं कोणी होतं. तुम्ही 'हा संकर आहे' ऐकलंत, आणि त्यापुढचं 'असं मी म्हणत नाही' हेही ऐकलंत. कागद घ्या, आपलं नाव लिहा, गाव लिहा, आणि ते उरलेलं अर्धं वाक्य लिहून सही करा. ते घेऊन मुलाखतीच्या दिवशी कॉलेजच्या दारात या. मी तिथं असेन. कदाचित येईन, असं मला सांगू नका.